विनीचा बाप

एनॉकने कोटाचं वरचं बटण काढलं आणि तो थांबला. कोर्टाच्या दारात उभा असलेला कारकून त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता, उत्तरेच्या सरकारी पलटणीच्या त्या निळ्या कापडाकडे बघत होता.

"काढ, काढ," कारकून म्हणाला. "जज्जसाहेबांचा जावई गेलाय लढाईत. हा रंग दिसला की त्यांचं डोकं फिरतं. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

एनॉकने कोट काढून हातावर घेतला. आतला सदरा हल्दामावशीने पिठाच्या पोत्याचा शिवला होता आणि पाठीवर गिरणीचा छाप तसाच राहिला होता. तो आत गेला तेव्हा मागच्या बाकावरच्या कुणीतरी तो छाप मोठ्याने वाचून दाखवला. थोडं हसू झालं. एनॉक समोर बघत उभा राहिला. पलटणीत असताना तो असाच ताठ उभा राहायला शिकला होता.

"काय काम?" जज्जने विचारलं.

"माझी मुलगी, साहेब. विनी. हार्वे गॅस्किनकडे आहे. तिला न्यायला आलोय."

"ती अनाथ आहे. कोर्टानेच तिला गॅस्किनकडे काम शिकायला बांधून दिलंय. एकवीस वर्षांची होईपर्यंत."

"अनाथ नाही, साहेब. तिचा बाप मी इथं उभा आहे."

"तिच्या आईशी तुझं लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"गुलामांचं लग्न कायद्यात बसत नव्हतं. आता नवीन कायदा झालाय, पण त्यासाठी नवरा-बायको दोघांनी येऊन सांगावं लागतं. बायकोला घेऊन ये."

"ती वारली, साहेब. लढाई संपायच्या आधीच्या हिवाळ्यात."

"मग ती यायची कशी?" जज्ज म्हणाला. मागे पुन्हा हसू झालं. जज्ज मात्र हसला नाही. समजावून सांगितल्यासारखं हळू बोलला, "ती येत नाही म्हणजे लग्न नाही. लग्न नाही म्हणजे बाप नाही. आणि बाप नाही म्हणजे मूल अनाथ. यात माझा काही दोष आहे का, तूच सांग."

बाहेर आल्यावर एनॉकने कोट पुन्हा चढवला. बटणं मात्र त्याने तशीच उघडी सोडली.

नदीवरचा पूल माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या फौजेने जाळला होता. तो पुन्हा बांधायचं काम चाललं होतं आणि एनॉक तिथेच खांब ठोकायच्या टोळीत होता. मुकादम पूर्वी दुसऱ्या बाजूने लढलेला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेली होती. पहिल्या दिवशी त्याने एनॉकचा कोट बघितला होता, थुंकला होता, आणि मग त्याच्या हातात घण दिला होता. तेव्हापासून दोघांचं कामापुरतं जमत होतं.

"तू पुलाचा गडी आहेस की कोर्टाचा?" त्या दुपारी मुकादमाने विचारलं. "एकदाचं ठरव."

"मुलगी मिळाली की पुलाचाच."

"मग म्हातारा होशील बाबा," मुकादम म्हणाला, पण त्या दिवशीही त्याने एनॉकला कामावर घेतलं.

गावात, जुन्या कापसाच्या वखारीत, सरकारने सुटलेल्या गुलामांसाठी कचेरी उघडली होती. तिथला कॅप्टन उत्तरेकडचा होता, हिवतापाने पिवळा पडलेला. त्याने एनॉकचं सगळं ऐकून घेतलं, टेबलावर मूठ आपटली, "हा सरळ सरळ जुनाच धंदा आहे, नुसतं नाव बदललंय!" असं म्हणाला आणि वर कळवतो असं वचन दिलं. एनॉकला तो माणूस आवडला. पुढच्या वेळी गेला तेव्हा कॅप्टन तापाने झोपलेला होता. त्याच्या पुढच्या वेळी कचेरीला कुलूप होतं. नंतर गेला तर त्या खुर्चीत दुसराच कॅप्टन बसला होता. त्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "बोल, काय तक्रार आहे?"

एनॉकने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. टेम्पी. विनी. आपण लढाई चालू असताना गॅस्किनच्या शेतावरून पळून जाऊन सरकारच्या पलटणीत कसे भरती झालो. परत आलो तेव्हा टेम्पीला पुरलेलं होतं आणि विनी गॅस्किनच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला हाताला धरून निघालो तर हार्वे गॅस्किनने बंदूक दाखवली, आणि बंदुकीबरोबर कोर्टाचा हुकूम. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते दुसऱ्या कुणाचं तरी गाऱ्हाणं वाटायला लागलं होतं, इतक्या वेळा सांगून झालं होतं.

हा कॅप्टन मूठ आपटणारा नव्हता. तो म्हणाला, "तुमचं लग्न कुणी लावलं?"

"मिस लव्हिनियाने. हार्वेच्या आईने. नाताळात, घराच्या मागच्या ओसरीवर. तिनं स्वतः बायबल वाचलं. केक कापला."

"आणखी कोण होतं?"

"सगळे आम्हीच. आणि तिचे दोन मुलगे."

"तुमच्या लोकांची साक्ष जज्ज बाजूला ठेवील. गोरा साक्षीदार हवा. मुलगे?"

"हार्वे सांगायचा नाही. एडमंड व्हर्जिनियात मारला गेला."

"मग म्हातारी उरली," कॅप्टन म्हणाला.

एनॉक जमिनीकडे बघू लागला. कॅप्टनला वाटलं, त्याला समजलं नसेल. त्याने पुन्हा सांगितलं, "तिला कोर्टात आण. ती म्हणाली लग्न झालं होतं, तर मी ही केस लढवतो."

हल्दामावशी टेम्पीची मावशी. नदीपलीकडच्या वस्तीत एका खोलीच्या झोपडीत राहायची, आणि एनॉक तिच्याकडेच होता. तिने त्याच्यापुढे मक्याची भाकरी आणि काकवी ठेवली. कॅप्टन काय म्हणाला ते ऐकून ती हसायलाच लागली.

"जा की. जा आणि सांग तिला, बाईसाहेब, जरा तुमच्या मुलाविरुद्ध बोला. वर पुन्हा केकही माग."

"दुसरं कोण आहे, मावशी?"

"दुसरं कुणी नाही म्हणून सापाच्या बिळात हात घालायचा?" तिचं हसू गेलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ती तिथं उभी राहून दुसरंच काही बोलली तर? तेव्हा काय करशील?"

एनॉकने भाकरीचा तुकडा काकवीत बुडवला आणि तो तसाच धरून बसला. तुकडा भिजून पडला.

दुसरंच काही काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. विनी जन्मली तेव्हा तिचे डोळे करडे होते, गॅस्किनांच्या घरातल्यांसारखे. वस्तीत म्हणाले, बाळांचे असतात तसे, बदलतील. ते बदलले नाहीत. टेम्पी त्याबद्दल एक अक्षर कधी बोलली नाही आणि एनॉकने कधी विचारलं नाही. पहिले काही आठवडे तो बाळाला हात लावत नसे. मग एका सकाळी टेम्पीला तापात शुद्ध नव्हती आणि बाळ रडून रडून निळं पडलं होतं, तेव्हा त्याने ते उचललं आणि छातीवर घेतलं. ते गप्प झालं. त्यानंतर त्या पोरीला त्याच्याच छातीवर झोप लागायची. तिला चालायला त्याने शिकवलं, काटा त्याने काढला, आणि पळून जायच्या दिवशी ती त्याच्या पायाला बिलगली तेव्हा तिची बोटं त्यानेच एकेक करून सोडवली.

बारशाचं नाव मात्र त्याने ठेवलं नव्हतं. मिस लव्हिनियाने वाड्यावरून निरोप पाठवला होता, मुलीचं नाव लव्हिनिया ठेवा म्हणून. वस्तीत तिला विनी म्हणायला लागले.

हार्वे घोड्यावरून गावाकडे गेलेला बघून एनॉक मागच्या फाटकाने आत शिरला. मिस लव्हिनिया ओसरीवर कोंबडी सोलत बसली होती. हे काम तिने आयुष्यात कधी केलं नसावं. पिसं तिच्या काळ्या झग्याला, केसांना, कोपराला चिकटली होती. बाजूच्या विहिरीवर विनी बादली भरत होती. तिने एनॉकला बघितलं आणि बादली अर्धीच ठेवून उभी राहिली.

"आत जा," मिस लव्हिनिया तिला म्हणाली. विनी गेली.

"बाईसाहेब, मी..."

"तू कशाला आलास ते मला ठाऊक आहे. हार्वे सांगत असतो. कोर्टात तू जातोस, हेलपाटे घालतोस."

"जज्जसाहेब म्हणतात लग्न झालंच नव्हतं."

"कोण म्हणतं?" तिने मान वर केली. "मी लावून दिलं होतं ते लग्न. माझ्या आईची लेस टेम्पीच्या डोक्यावर घातली होती मी."

"तेवढंच तिथं येऊन सांगा, बाईसाहेब. दुसरं काही नको."

ती पिसं उपटत राहिली. मुठीत येतील तेवढी, कातडीसकट. मग हात थांबले.

"तू काय मागतोयस ते तुला कळतंय? हार्वेकडे शेतावर माणूस नाही. कोर्टाने बांधून दिलेली ही चार पोरं आहेत म्हणून घर चाललंय."

"कळतंय."

"तेवढंच म्हणत नाही मी." तिने आत, विनी गेली त्या दाराकडे बघितलं. तिचा आवाज इतका खाली आला की एनॉकला पुढे वाकावं लागलं. "टेम्पीने तुला सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे आहेत, बाईसाहेब."

"आणि तरीही तू तिला न्यायला येतोस."

"ती माझी मुलगी आहे."

मिस लव्हिनियाचे ओठ हलले. एनॉकच्या मनात आलं, आत्ता ही म्हणेल, नाही, ती तुझी नाही. आज ओसरीवर म्हणेल आणि उद्या कोर्टात म्हणेल, आणि मग जगात कुठल्याच कोर्टात आपल्याला तोंड उघडायला जागा उरणार नाही. त्याच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती.

"माझा एडमंड गेला," ती म्हणाली. "त्याचं म्हणून काहीही परत आलं नाही. घड्याळसुद्धा नाही."

एनॉक तसाच उभा राहिला. त्या माणसाबद्दल त्याच्याकडे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. टेम्पीला कपडे वाळत घालायला पाठवून मागोमाग जाणारा, नंतर शीळ घालत ओसरीवर येऊन बसणारा एडमंड त्याला अजून दिसत असे. ते सगळं त्याच्या जिभेवर आलं आणि त्याने ते गिळलं. 

"जा आता," ती म्हणाली. "हार्वे येईल."

येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. फाटकापाशी त्याने वळून बघितलं तर ती कोंबडी मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

म्हातारीचा होकार नव्हता, तरी कॅप्टनने केस घातली. केस लागायची होती त्या दिवशी जज्जला संधिवाताने उठवेना. पुढच्या तारखेला हार्वेचा वकील आला नाही. एनॉक दोन्ही वेळा पहाटे तराफ्याने नदी ओलांडून आला, दारात कोट काढला, दिवसभर बाकावर बसला आणि कोट घालून परत गेला. हल्दामावशीने विचारायचं सोडलं. मुकादमाने थट्टा करायची सोडली, आणि ते एनॉकला जास्त लागलं. रात्री झोपताना तो मनातल्या मनात जज्जशी भांडे आणि प्रत्येक वेळी हरे, कारण जज्ज प्रत्येक वेळी तेच शांतपणे विचारी, यात माझा काही दोष आहे का?

शेवटी केस उभी राहिली तेव्हा मका उभा वाळून गेला होता. हार्वे नवीन बूट घालून आला होता. विनीला त्याने स्वच्छ फ्रॉक घालून आणलं होतं, पोरीचं किती चांगलं चाललंय हे दिसावं म्हणून. ती बाकाच्या टोकाला बसली होती आणि तिचे हात मांडीत होते. ते हात लाल, सोललेले होते. तिने एनॉककडे एकदा बघितलं आणि मग फक्त खिडकीकडे.

मिस लव्हिनिया हार्वेच्याच हाताला धरून आत आली. हार्वेने तिला खुर्ची दिली. आई आपल्या बाजूने बोलायला आली आहे, याबद्दल त्याच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. एनॉकच्याही मनात ती उरली नाही. त्याने कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन चष्मा पुसत होता.

हार्वेचा वकील गोड बोलला. मुलीला अन्न मिळतं, वस्त्र मिळतं, चर्चमध्ये नेतात. हा माणूस कोण? पुलावर घण मारणारा. एका म्हातारीच्या झोपडीत जमिनीवर झोपणारा. कशाच्या जोरावर हा बाप म्हणवतो?

"लग्नाच्या," कॅप्टन म्हणाला. "आणि त्या लग्नाला हजर असलेली व्यक्ती इथं आहे."

हार्वेने आईकडे बघितलं. मिस लव्हिनिया उठली. बायबलवर हात ठेवताना तिने हातमोजा काढला.

"बाई," जज्ज आदबीने म्हणाला, "या माणसाचं आणि टेम्पी नावाच्या बाईचं लग्न झालं होतं का?"

"हो. मी लावलं."

"आई!" हार्वे म्हणाला.

"खाली बस, हार्वे."

जज्ज अडखळला. त्याने समोरच्या कागदांकडे बघितलं, मग विनीकडे. विनी त्या वेळी खिडकीच्या उजेडात बसली होती आणि तो उजेड सरळ तिच्या डोळ्यांवर पडला होता. जज्ज बराच वेळ बघत राहिला. खोलीत कुणीतरी खोकलं.

"आणि ही मुलगी," तो सावकाश म्हणाला, "ही मुलगी या माणसाची आहे, असं तुमचं म्हणणं आहे? शपथेवर?"

 मिस लव्हिनियाने मुलीकडे बघितलं नाही. एनॉककडेही नाही. ती जज्जच्या तोंडाकडे बघत होती. तिची हनुवटी वर होती, जुन्या दिवसांत मागच्या अंगणात उभी राहून हुकूम द्यायची तशी.

"माझ्या घरात, माझ्या देखत लग्न झालं," ती म्हणाली. "त्यानंतर त्या बाईला झालेली मुलगी तिच्या नवऱ्याची नसेल तर कुणाची असेल? माझ्या घराबद्दल कोर्टाला दुसरं काही विचारायचंय का?"

जज्जची मान लाल झाली. नाही, तो म्हणाला. कोर्टाला दुसरं काही विचारायचं नाही. बाईंच्या शब्दावर कोर्टाचा पूर्ण विश्वास आहे.

एवढंच. एनॉकला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण ओरडू. तसलं काही झालं नाही. छातीत नुसता संताप चढला, आंधळा, कुठे टाकावा ते न कळणारा. इतके महिने तो या खोलीत खरं सांगत होता आणि ते जमिनीवर सांडत होतं. ही बाई दोन वाक्यं बोलली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यातलं एक वाक्य तर खोटं होतं. ते तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, जज्जला ठाऊक होतं. आणि त्या खोट्याशेजारी आता त्याला आयुष्यभर उभं राहायचं होतं, कारण तेच एक त्याच्या बाजूचं होतं.

कॅप्टनने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "जिंकलास," तो म्हणाला. एनॉकने मान हलवली.

पायऱ्यांवर हार्वे आईवर ओरडत होता. ती ऐकत असल्यासारखी दिसत नव्हती. गाडीत बसताना तिचा पाय पायरीवरून सटकला. तिने स्वतःच कडी धरून तोल सावरला आणि बसली. विनीकडे वळली नाही. गाडी निघाली, धूळ उडाली, आणि धुळीतही तिचं डोकं सरळ दिसत राहिलं.

एनॉक आणि विनी नदीच्या रस्त्याला लागले. तिचं गाठोडं अगदीच लहान होतं. त्याने ते मागितलं तर तिने दिलं नाही. तो चालत होता आणि ती दोन पावलं मागे, नोकराने चालावं तशी. तो थांबला की तीही थांबे. त्याने खूप काही ठरवून ठेवलं होतं, तिला पहिलं काय सांगायचं, आईचं थडगं कुठे आहे, हल्दामावशी कशी आहे. ते सगळं बाजूला राहिलं.

"भूक लागली?" त्याने विचारलं.

"नाही, साहेब."

"साहेब म्हणायचं नाही मला."

 पाइनची झाडं सुरू झाली, सावली आली. त्याने खिशातलं भाजलेलं रताळं काढून मोडलं आणि अर्धं मागे धरलं. थोड्या वेळाने ते त्याच्या हातातून गेल्याचं त्याला जाणवलं. ती खाऊ लागली, आणि खाता खाता कधी त्याच्या बरोबरीला आली ते दोघांनाही कळलं नाही.

"आजी आज सकाळी रडत होती," ती म्हणाली.

"हल्दामावशी? तिला तू कुठे भेटलीस?"

"नाही. आजी." तिने तोंडातला घास गिळला. "मिस लव्हिनिया. हार्वेसाहेब बाहेर गेले की ती दार लावून घ्यायची आणि माझे केस विंचरायची. तेव्हा आजी म्हणायचं. दार उघडं असलं की नाही म्हणायचं."

एनॉक रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. विनी काही पावलं पुढे गेली, मग वळली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती घाबरली असावी. तिने गाठोडं छातीशी धरलं.

"कुणाला सांगायचं नाही असं तिनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी चुकून बोलले. तू सांगशील?"

खाली नदीवर तराफेवाला शेवटच्या खेपेसाठी हाका मारत होता. एनॉकने तोंडावरून हात फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "कुणाला नाही सांगणार."